नेमणूकपत्र हातात आहे, आता फक्त अडतीस हजार भरायचे आहेत

पत्र : माझा धाकटा भाऊ मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण करून दीड वर्ष घरी बसून आहे. आम्ही कागल तालुक्यात राहतो. वडिलांचा दोन एकर ऊस आणि तीन म्हशी यांवर घर चालते. मागच्या महिन्यात पुण्याजवळच्या एका नावाजलेल्या मोटार कंपनीच्या नावाने भावाला व्हॉट्सॲपवर संदेश आला. तिथेच लिहून मुलाखत झाली आणि दुसऱ्या दिवशी महिना ३२,५०० रुपये पगाराचे नेमणूकपत्र आले. नोंदणीचे म्हणून २,८५० आणि लॅपटॉपची अनामत म्हणून १२,५०० रुपये त्याने भरले. आता प्रशिक्षण आणि गेटपास यांसाठी ३८,००० रुपये मागत आहेत. पहिल्या पगारात सगळे परत मिळेल, असे सांगतात. वडील आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवायला निघाले आहेत. मी शंका काढली की भाऊ ताटावरून उठून जातो आणि वडील म्हणतात, ‘एवढं भरलंय, आता मागं फिरून कसं चालंल?’ सोबत पत्राची छायाप्रत पाठवते. हे खरे आहे का, आणि खरे नसेल तर घरात कसे सांगावे?

— एक बहीण, तालुका कागल

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचले त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, कारण पाटल्या गहाण पडण्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर जाणे गरजेचे होते : हे नेमणूकपत्र बनावट आहे आणि यापुढे एक रुपयाही द्यायचा नाही. घाईच्या त्या बोलण्यात सगळे सांगता आले नाही. शिवाय अशी पत्रे जिल्ह्यातल्या आणखी कितीतरी घरांत आलेली असणार आणि तिथेही कोणीतरी बहीण किंवा आई याच काळजीत असणार, म्हणून तुमच्या अनुमतीने इथे सविस्तर लिहीत आहे.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) भरती विभागात मी अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे खरी भरती कशी होते, ते आधी सांगतो. डिप्लोमा झालेला मुलगा समोर आला की त्याच्या हातात व्हर्निअर कॅलिपर हे मापाचे साधन आणि एखादा जॉब, म्हणजे तयार होणारा सुटा भाग, द्यायचा आणि माप घ्यायला सांगायचे, ही आमची पहिली परीक्षा असे. व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारे सर्वांत लहान माप, किती, ड्रॉइंगवर दिलेल्या टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकात, हा जॉब बसतो का, नसेल तर तो रीवर्क होईल (दुरुस्त करता येईल) की स्क्रॅप (भंगारात जाईल), एवढ्या तीन प्रश्नांत मुलाचे पाणी कळत असे. नंतर विभागप्रमुख त्याला शॉपवर, म्हणजे यंत्रे चालतात त्या जागी, फिरवून आणत, मग पगाराचे बोलणे होई आणि त्यानंतर वैद्यकीय तपासणी, तीही कारखान्याच्या खर्चाने. गणवेश, बूट, ओळखपत्र, प्रशिक्षण यांपैकी कशासाठीही आम्ही मुलाकडून आधी पैसे घेतले नाहीत, कारण माणूस ही कारखान्याची गरज असते आणि गरजेचा खर्च ज्याची गरज त्याने करायचा असतो. तुमच्या भावाला सव्वा तासाच्या त्या लेखी मुलाखतीत काय विचारले, असे मी फोनवर विचारले, तेव्हा तुम्ही सांगितलेत की नाव, गाव, गुण, घरात कोण कोण आहेत आणि वडील काय करतात, एवढेच. यात कामाविषयी एकही प्रश्न नाही. वडील किती पैसे उभे करू शकतात, याचीच ती चाचपणी होती.

आता त्या पत्राकडे वळू. मी छायाप्रत भिंगाखाली धरून पाहिली. वरच्या डाव्या कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह आहे, पण त्याच्या कडा फुटलेल्या आहेत, म्हणजे ते संकेतस्थळावरून उचलून मोठे केलेले आहे. उजव्या कोपऱ्यात अशोकस्तंभाची राजमुद्रा छापली आहे. पत्र खरे वाटावे म्हणून ती टाकली आहे, पण याच चित्राने ते उघडे पडले, कारण राजमुद्रेचा वापर २००५ च्या कायद्याने बांधलेला आहे आणि खासगी मोटार कंपनीला ती आपल्या पत्रावर छापण्याचा अधिकारच नाही. खाली कंपनीचा ओळख क्रमांक, म्हणजे सीआयएन, दिला आहे. हा क्रमांक अंक आणि अक्षरे मिळून २१ चिन्हांचा असतो. या पत्रात मोजली तर एकोणीसच भरतात. अर्थात क्रमांक बरोबर असता तरी काही सिद्ध झाले नसते, कारण खरा क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येतो. म्हणून क्रमांक चुकीचा असेल तर पत्र खोटे समजावे, पण तो बरोबर आहे म्हणून पत्र खरे मानू नये.

मला सर्वांत बोलका वाटला तो ईमेलचा पत्ता. पत्त्यात ‘ॲट’ या चिन्हाच्या पुढे कंपनीचे नाव, मग आडवी रेघ, मग ‘करिअर’ आणि शेवटी ‘डॉट कॉम’ असे लिहिले आहे. तुमच्या भावाने त्यातले कंपनीचे नाव वाचले आणि त्याचे समाधान झाले. पण नावाला रेघ जोडून एखादा शब्द लावला की तो इंटरनेटवर पूर्णपणे वेगळा पत्ता होतो, आणि असा पत्ता काही शे रुपयांत कोणालाही विकत घेता येतो. आपल्याकडे एखाद्या प्रसिद्ध मिठाईवाल्याच्या नावापुढे एक शब्द वाढवून शेजारी दुसरे दुकान उघडले, तर जुन्या गिऱ्हाइकाला फरक लगेच कळतो. इथेही नजर तशीच ठेवावी. पडताळा घ्यायचा असेल तर पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये, कारण तो उचलणारा त्यांचाच माणूस असतो. कंपनीचे मूळ संकेतस्थळ स्वतः शोधावे, त्यावरचा कार्यालयाचा क्रमांक घ्यावा आणि अशी भरती चालू आहे का, ते विचारावे. तुम्ही दुसऱ्या दिवशी तसे केलेत आणि दहा मिनिटांत उत्तर मिळाले.

राहिले पैसे भरलेले खाते. दोन्ही रकमा एका व्यक्तीच्या बचत खात्यात गेल्या आहेत आणि आयएफएससी कोडवरून पाहिले तर ती शाखा महाराष्ट्रातलीही नाही. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी खातेदाराचे नाव पडद्यावर येते. तिथे कंपनीऐवजी एखाद्या अनोळखी माणसाचे नाव दिसले, तर बोट तिथेच थांबले पाहिजे.

तुमच्या वडिलांच्या वाक्याविषयी मला जास्त बोलायचे आहे, कारण हा सगळा धंदा त्याच एका वाक्यावर उभा आहे. पहिली रक्कम २,८५० का असते? मुलगा ती मित्रांकडून उसनी घेऊन घरी न विचारता भरू शकेल, इतकीच ती ठेवलेली असते. ती भरली की तो अडकतो. आता १२,५०० भरले नाहीत तर २,८५० बुडणार, म्हणून तो वडिलांकडे जातो. वडिलांनी दिले की तेही अडकतात आणि ३८,००० च्या वेळी घरात दोघे जण एकाच बाजूला असतात. पुढे ६०,००० मागितले असते, नाव कदाचित ‘विमा’ किंवा ‘राहण्याची सोय’ असे असते. प्रत्येक वेळी मुदत उद्या संध्याकाळपर्यंतच असते, म्हणजे कोणाला विचारायला उसंत मिळू नये. वडिलांना एवढेच सांगा की १५,३५० रुपये गेले आहेत, ते ३८,००० भरल्याने परत येत नाहीत. ते परत मिळण्याची जी काही वाट आहे, ती पोलिसांकडून जाते. ऊस वाळला की शेतकरी त्यात आणखी खत ओतत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

ती वाट अशी. आर्थिक फसवणूक झाली की राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची. तक्रारीसाठी प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (म्हणजे त्या व्यवहाराची ओळख पटवणारा) क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील लागतो; यूपीआयच्या व्यवहारात हा क्रमांक १२ अंकी असतो आणि तो ॲपमधल्या व्यवहाराच्या नोंदीत मिळतो. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता अधिक, कारण हे लोक रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात भराभर फिरवतात. तुमच्या पैशांना तीन आठवडे होऊन गेले आहेत, म्हणून सगळी रक्कम परत येईल अशी आशा मी दाखवणार नाही. तरीही तक्रार करायचीच. त्या खात्यात काही शिल्लक सापडली आणि गोठवली गेली, तर न्यायालयाच्या आदेशाने ती मिळू शकते. आणि त्याच खात्यावर दुसऱ्या दहा मुलांच्या तक्रारी असतील, तर तुमची अकरावी तक्रार तपासाला हातभार लावते. आपल्या जिल्हा पोलिसांचे सायबर पोलीस ठाणे कोल्हापुरात आहे, पण एरवी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला आहे, या कारणाने ती नाकारता येत नाही. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी केल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ डी लागू होते.

भावाला सांगा की रागाच्या भरात त्यांचे संभाषण पुसू नये आणि क्रमांकही लगेच बंद करू नये. आधी सगळ्या संदेशांची, पत्राची आणि क्रमांकांची चित्रे काढून ठेवावीत, ती ईमेलने तुम्हाला पाठवावीत आणि मगच क्रमांक बंद करावा. आणखी एक धोका पुढे आहे. काही दिवसांनी कोणीतरी ‘सायबर विभागातून बोलतोय, तुमचे पैसे सापडले आहेत, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन करील. फसलेल्या लोकांची यादी हे एकमेकांना देतात. खरे पोलीस पैसे परत देण्यासाठी पैसे मागत नाहीत.

पैशांइतकीच मला कागदपत्रांची काळजी वाटते. तुमच्या भावाने आधार, पॅन, गुणपत्रिका, छायाचित्र आणि रद्द केलेला धनादेश पाठवला आहे. आधारचे बायोमेट्रिक आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून लॉक करता येते, ते आजच करावे. संचार साथी या दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसते. तिथे अनोळखी क्रमांक आढळला तर तो तिथूनच कळवता येतो. त्याच्या नावावर कोणी कर्ज काढलेले नाही ना, हे पाहण्यासाठी पतअहवाल (क्रेडिट रिपोर्ट) वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो दोन-तीन महिन्यांनी काढून बघावा. यापुढे कुठेही आधार द्यायची वेळ आली, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. आणि बँकेचे पासबुक, एटीएम कार्ड किंवा खात्याशी जोडलेले सिम कार्ड त्याने कोणाला दिले आहे का, हे त्याला शांतपणे, पण नक्की विचारा. ‘पगार जमा करायला खाते उघडून आमच्याकडे द्या’ असे सांगून घेतलेली खाती दुसऱ्यांचे लुटलेले पैसे फिरवायला वापरतात आणि मग पोलीस खातेदाराच्या दारात येतात. तसे काही झाले असेल तर बँकेला आजच लेखी कळवून ते खाते थांबवावे.

फसवणुकीचा हा एकच प्रकार नाही, आणि आपल्या भागात जे चालतात त्यांतले काही ओळखून ठेवले पाहिजेत. घरबसल्या डेटा एन्ट्रीचे काम हा मला सर्वांत क्रूर प्रकार वाटतो, कारण त्यात आधी पैसे मागतच नाहीत. माझ्या परिचयातल्या राजारामपुरीच्या एका गृहिणीने असे काम घेतले. करारावर ऑनलाइन सही झाली, त्यांनी पाच दिवस रात्री जागून शेकडो अर्ज टंकलिखित केले आणि सहाव्या दिवशी ‘अचूकता नव्वद टक्क्यांहून कमी भरली, करार मोडला, सहा हजार भरा, नाहीतर खटला’ असा फोन आला. पाठोपाठ वकिलाच्या नावाची नोटीस, तिच्यावर न्यायालयाचा शिक्का आणि ‘अटक’ हा शब्द लाल अक्षरांत. घरच्यांना कळू नये म्हणून त्या बाईंनी मुलाच्या शाळेच्या फीसाठी ठेवलेले पैसे भरले. त्या नोटिशीला काडीची किंमत नव्हती. कामातल्या चुकांसाठी कोणाला अटक होत नाही आणि न्यायालय फोनवरून कोणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे मागवत नाही. अशी नोटीस आली तर उत्तर न देता ती घेऊन पोलीस ठाण्यात जावे.

टेलिग्रामवर व्हिडिओ आवडल्याची खूण करा, हॉटेलांना तारे द्या आणि दिवसाला हजार रुपये मिळवा, हा दुसरा प्रकार. पहिले दीड-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात, मग ‘जादा कमाईसाठी आधी भरा’ असे काम येते आणि पडद्यावरचा आकडा फुगत जातो, पण तो काढता येत नाही. सैन्यभरती आणि पोलीसभरतीच्या तयारीला पहाटे मैदानावर धावणारी आपली मुले तर दलालांच्या डोळ्यांत पहिल्यापासून आहेत. ‘आतून सेटिंग आहे, निवड झाल्यावर उरलेले द्या’ म्हणणारा माणूस शंभर मुलांकडून पैसे घेतो. त्यांतली पाच-दहा स्वतःच्या कष्टाने लागतात, त्यांचे श्रेय तो घेतो आणि उरलेल्यांना टोलवत राहतो. सरकारी भरतीची जाहिरात त्या त्या विभागाच्या संकेतस्थळावर असते आणि शुल्क भरायचे असेल तर ते अर्जासोबत तिथेच भरले जाते. त्याबाहेर कोणालाही दिलेला पैसा हा लाच किंवा फसवणूकच असतो.

परदेशातल्या नोकरीबद्दल जास्त जपायला हवे, कारण तिथे पैशाबरोबर माणूसही अडकतो. वेल्डर, फिटर म्हणून आखाती देशांत जाणारी मुले आपल्याकडे बरीच आहेत. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारचा परवाना असावा लागतो, त्याचे नाव ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते आणि त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच, तेही पावती देऊन घेता येते. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, तिथे बदलून देऊ’ असे कोणी म्हणाले, तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नये. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये डांबून त्यांच्याकडून अशाच ऑनलाइन फसवणुकीची कामे करवून घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने पाचशेहून अधिक जणांना हवाई दलाच्या विमानांनी तिथून परत आणले. तुमच्या भावाशी व्हॉट्सॲपवर गोड बोलणारा माणूसही कदाचित नोकरीच्या आशेनेच घराबाहेर पडलेला आणि कुठेतरी कोंडलेला असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. घरात कसे सांगावे? आधी वडिलांना एकट्याला, सकाळी धारा काढून झाल्यावर, गोठ्यातच सांगा. भावासमोर सांगितले तर त्यांना मुलाची बाजू घ्यावी लागेल. त्यांना पत्रातली राजमुद्रा आणि खातेदाराचे नाव दाखवा. भावाशी बोलताना ‘एवढा शिकलास आणि’ हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. तो भोळा आहे म्हणून फसला नाही. दीड वर्ष शेजारपाजारचे ‘अजून घरीच का?’ ऐकून थकला आणि कोणीतरी पहिल्यांदा ‘तुमची निवड झाली आहे’ म्हणाले, म्हणून फसला. तो ताटावरून उठतो तो तुमच्यावरच्या रागाने नाही. मनात कुठेतरी त्यालाही शंका आलेली आहे आणि ती खरी ठरेल या भीतीने तो उठतो. ‘तक्रार करायला मी तुझ्याबरोबर येते’ असे म्हणा आणि खरोखर बरोबर जा. त्याने एकट्याने ठाण्याच्या पायऱ्या चढू नयेत. पुढचे काही आठवडे त्याच्याकडे लक्ष असू द्या. तो गप्प गप्प राहू लागला, झोपेनासा झाला, तर डॉक्टरांना दाखवायला संकोच करू नका. मोफत आणि अहोरात्र चालणारी टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

आणि नोकरीचे काय? आपल्या भोवती शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले अशा तीन औद्योगिक वसाहती आहेत आणि त्यांतली एक तर तुमच्या तालुक्यातच आहे. भावाने आधी एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी करावी, असे मी सुचवीन. डिप्लोमाधारकांसाठी एनएटीएस ही केंद्र सरकारची योजना आहे, नोंदणी मोफत असते आणि दरमहा विद्यावेतन मिळते. पगार ३२,५०० नसेल, बराच कमी असेल, पण हातात अनुभवाचे पत्र येईल. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातही नाव नोंदवावे; तिथे रोजगार मेळाव्यांची माहिती मिळते आणि त्यासाठीही पैसे लागत नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत त्याचा अर्जही होता. त्यात गुण आहेत, छंद आहेत, पण शेवटच्या वर्षी त्याने कोणता प्रकल्प केला आणि कोणती यंत्रे स्वतः चालवली, याची एक ओळही नाही. तक्रार नोंदवून आलात की त्याला ती ओळ लिहायला बसवा आणि नवा अर्ज माझ्याकडे पाठवा. मी तो तपासून देईन.